ओल्या भिंतीचा खटला

दमधरे मिस्त्रीचं खरं आडनाव काय, हे गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. घर रंगवायचं म्हणून कुणी बोलावलं, की तो भिंतीवर हाताची पाठ फिरवी, बोटाच्या पेराने चार ठिकाणी टकटक करी आणि म्हणे, "दम धरा." रंग कोणता घेऊ? दम धरा. कधी येताय? दम धरा. म्हणून दमधरे. पोस्टमनसुद्धा त्या नावाची पाकिटं बरोबर त्याच्याच दारात टाकी, आणि तोही ती मुकाट्याने घेई. नाव कमावलेलं होतं. नाकारायचं कशाला?

रंग लावणं हे त्याच्या लेखी कामाचं शेपूट. आधी भिंत भिजवायची. मग थांबायचं. भिंत पाणी पिते, तिला पिऊ द्यायचं. तिचं पिऊन झालं की खरवडायची लोखंडी पत्ती घेऊन सुटं तेवढं खरवडायचं आणि घट्ट तेवढं ठेवायचं. मग भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा हात फिरवून बघायचा. एवढं झालं की रंगाचा डबा उघडायचा. त्यानंतर उरलंच काय? रंग काय, गाढवही शेपटीने लावील.

गिऱ्हाइकांना हे पटत नसे. घरातलं सामान मधोमध ढीग करून, वर चादर टाकून माणसं ताटकळत असायची, आणि मिस्त्री उंबऱ्यावर बसलेला.

"मिस्त्री, काम कधी सुरू करताय?"

"सुरू आहे."

"तुम्ही तर बसलाय."

"मी बसलोय. भिंत काम करतेय. तिला मध्ये टोकू नका."

तयारी म्हणजेच काम, हे त्याचं ब्रीद. त्यावर तो भल्याभल्यांशी भांडला. एका शाळेच्या मुख्याध्यापकाशी भांडला, एका दंतवैद्याशी भांडला. दंतवैद्याला तर म्हणाला, "तुम्ही दात उपटण्याआधी सुई टोचून थांबता, ते काम धरता की नाही?" दंतवैद्याला ते पटलं. पण दंतवैद्यासारखी माणसं थोडी.

तरी लोक त्यालाच बोलवत. कारण त्याने रंगवलेली भिंत वर्षानुवर्षं हसत उभी राही. आणि दुसरं म्हणजे, हा माणूस घरात एकटा सोडला तरी चालायचा. लोक कामावर जाताना घराची किल्ली त्याच्या हातात देत. मिस्त्रीच्या घरात दाराआड एक फळी होती. तिला खिळे मारलेले, आणि प्रत्येक खिळ्यावर परक्या घराची किल्ली. काम संपलं तरी कित्येक जण किल्ली परत नेत नसत. "राहू दे मिस्त्री, पुढच्या खेपेला लागेलच." मिस्त्री सकाळी बाहेर पडताना त्या फळीकडे एकदा बघे. दुसरा कुठला आरसा त्याला लागत नसे.

आता त्याच्या साडूकडे यायला हवं.

मिस्त्रीची बायको, म्हणजे मिस्त्रीण, आणि तिची धाकटी बहीण अशा दोघी समोरासमोरच्या घरांत दिलेल्या. धाकटीचा नवरा चष्म्याचा दुकानदार. गल्लीत त्याला चष्मेवाले म्हणत. दोघी बहिणींचं गुळपीठ. दोघा साडवांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भांडण जुनं होतं आणि त्याचं कारणही जुनंच. मिस्त्रीने एकदा साडूचं दुकान रंगवायला घेतलं होतं. पहिले काही दिवस भिजव, थांब, खरवड, थांब. दुकान बंद. चष्मेवाले रोज येऊन बघत आणि रोज तीच भिंत दिसे, फक्त आणखी विद्रूप.

"साडू, रंग कुठाय?"

"डब्यात."

"मग लाव की!"

"दम धर. तयारी चाललीय."

"मी कामाला बोलावलं होतं, तयारीला नव्हे!"

तिथे ठिणगी पडली. चष्मेवाले म्हणत, तयारीला काम म्हणणं म्हणजे भूक लागल्याला जेवण म्हणणं. मिस्त्री म्हणे, याच्या डोळ्यांवर लोकांचे चष्मे चढवून चढवून याची अक्कल जाड भिंगाची झालीय. दुकान शेवटी झकास रंगलं. पण चष्मेवाल्यांनी ते कधी तोंडाने कबूल केलं नाही.

पुढे घराची दर्शनी भिंत रंगवायची वेळ आली, तेव्हा चष्मेवाल्यांनी साडूला सोडून एका रोलरवाल्याला बोलावलं. रोलरवाला सकाळी आला. जुन्या चुन्याचे थर तसेच ठेवून त्यावर त्याने चकचकीत रंग फिरवला आणि संध्याकाळी शीळ घालत निघून गेला. चष्मेवाले रस्त्यात उभे राहून मोठ्याने म्हणाले, "याला म्हणतात काम!" मिस्त्री समोरच्या खिडकीत उभा होता. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "दम धर."

फार दम धरावा लागला नाही. भिंतीला फोड आले. आधी पुटकुळ्या, मग पुऱ्या फुगाव्यात तसे फुगे. मग खालच्या बाजूला पापुद्रे सुटून लोंबायला लागले. आता यात मिस्त्रीने खूश व्हायला हवं होतं. तो झालाही, पहिले काही दिवस. पण समोरासमोर घर, साडूचं घर आणि आपण रंगारी. रस्त्याने जाणारा कुणीही काय समजणार? मिस्त्रीला बोलवायला येणारी माणसं त्याचं दार वाजवण्याआधी मागे वळून समोर बघत आणि विचारत, "ही तुम्हीच केलीत का?"

"नाही."

"साडूचं घर ना तुमच्या?"

"साडूचं आहे. भिंत माझी नाही."

माणसं मान हलवत, पण डोळे भिंतीवरच. एक डॉक्टरीणबाई मोठं घर द्यायला आली होती, दोन मजल्यांचं. तिने लोंबणारा पापुद्रा पाहिला, "कळवते" म्हणाली आणि तिने कधीच कळवलं नाही.

मिस्त्री तडक चष्म्याच्या दुकानात गेला. दुकानात गिऱ्हाइकं होती.

"साडू, ती भिंत खरवडून घे."

"का? मला छान दिसते."

"लोकांना नजर विकतोस आणि स्वतःच्या दाराकडे बघत नाहीस? लोक मला विचारतात!"

"मग सांग की त्यांना, तुझी तयारी चालू आहे म्हणून."

गिऱ्हाइकं हसली. मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो म्हणाला, "ऐक. एक दिवस तू इथे काचा पुसत बसलेला असशील, आणि मी तुझी भिंत वरपासून खालपर्यंत सोलून काढीन. मग बस बोंबलत."

हे बोलणं सगळ्यांनी ऐकलं. पुढे सरकारी वकिलाला साक्षीदार शोधावे लागले नाहीत.

तो दिवस लौकरच आला. चष्मेवाले दुकानात गेले. मिस्त्रीने समोर जाऊन शिडी लावली. जमिनीवर जुनी चादर अंथरली. खिडक्यांच्या काचांवर कागद चिकटवले. साडूवरचा राग भिंतीवर काढायचा होता, काचेवर नव्हे. धाकटी बाहेर आली. तिला वाटलं, अखेर नवऱ्याला अक्कल सुचली.

"भावोजी, बरं झालं बाई तुम्ही मनावर घेतलंत! पाणी देऊ का?"

"दे. बादलीभर."

तिने घरच्याच नळाचं पाणी भरून दिलं. मिस्त्रीने मोठ्या ब्रशने भिंत वरपासून खालपर्यंत भिजवली. कोपरे भिजवले, खिडकीखालची पट्टी भिजवली. मग शिडीवरून उतरला, ब्रश झटकला, आणि साडूच्याच पायरीवर बसला. पत्ती पिशवीत होती. पिशवी बाजूला होती. धाकटीने चहा आणून दिला.

दुसरा कुणी असता तर एव्हाना निम्मी भिंत सोलून मोकळा झाला असता. चोरीछुपेच करायचं तर लवकर उरकावं, एवढी साधी गोष्ट. पण मिस्त्रीला ते सुचलंच नाही. भिंत पाणी पीत होती. ती पिऊन होईपर्यंत पत्ती लावायची नसते.

आणि तेवढ्यात चष्मेवाले घरी परत आले. ते स्वतःचा चष्मा घरी विसरले होते.

चष्मा नसल्यामुळे त्यांना आधी नीट उमगलं नाही. पायरीवर कुणीतरी चहा पीत बसलंय एवढंच दिसलं. जवळ आले तेव्हा भिंत ओली, काचांवर कागद, आणि कपबशी घरचीच.

"साडू! हे काय चाललंय?"

मिस्त्री उठला नाही. "दम धर. पिऊ दे तिला."

चष्मेवाल्यांनी दम धरला नाही. पोलिसांना बोलावलं.

हवालदार आला. त्याने भिंत पाहिली, शिडी पाहिली. "काय करत होतात?"

"वाट बघत होतो."

"कुणाची?"

"भिंतीची."

"आणि मग काय करणार होतात?"

"सोलणार होतो," मिस्त्री म्हणाला. "सगळी."

हवालदाराने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. एवढा सोपा आरोपी त्याला बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

खटला उभा राहिला : दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करण्याचा प्रयत्न. मिस्त्रीच्या बाजूने एक तरुण वकील उभा राहिला. त्याच्या ऑफिसच्या भिंती मिस्त्रीने रंगवलेल्या होत्या. त्याने मिस्त्रीला घरी येऊन समजावलं.

"मिस्त्री, नीट ऐका. वाईट मनात आणणं हा गुन्हा नाही. त्याची तयारी करणं, हाही एरवी गुन्हा नाही. पण तयारी संपवून माणसाने प्रत्यक्ष कृतीला हात घातला, की तो झाला प्रयत्न. प्रयत्न फसला, मध्येच कुणी हात धरला, तरी शिक्षा आहे. आपल्याला एवढंच दाखवायचंय की तुम्ही तयारीच करत होतात. काम सुरू झालं नव्हतं."

मिस्त्री म्हणाला, "पण झालं होतं."

"काय झालं होतं?"

"काम सुरू. भिंत भिजली की काम सुरू झालं. मी जन्मभर हेच सांगत आलोय."

वकिलाने डोक्याला हात लावला. आतून मिस्त्रीण म्हणाली, "वकीलसाहेब, यांना तोंड उघडायला लावू नका. यांना पट्टी बांधून न्या."

पण गोष्ट थट्टेची राहिली नव्हती. खटल्याची बातमी पसरली, आणि माणसं एकेक करून दारात यायला लागली. घसा खाकरत, इकडेतिकडे बघत. "मिस्त्री, ती किल्ली जरा... पाहुणे यायचेत." कुणाची किल्ली हरवली होती म्हणे, कुणाला कुलूप बदलायचं होतं. एकानेही खरं कारण सांगितलं नाही. मिस्त्री खिळ्यावरून किल्ली काढून देई. फळी उघडी पडत गेली. शिक्षा झाली, मग ती कितीही हलकी असो, तर कोण याला घरात एकटं सोडणार होतं? रंगाऱ्याच्या हातात किल्ली नाही, तर मग उरलं फक्त बाहेरचं कुंपण रंगवणं.

ज्या सकाळी फळीवर एकच किल्ली उरली, ती दंतवैद्याची, त्या दिवशी मिस्त्री जेवला नाही.

कोर्टाच्या वाटेवर मिस्त्रीण म्हणाली, "अहो, फक्त आजच्या दिवस म्हणा, काम सुरू झालं नव्हतं. उद्यापासून पुन्हा झालं होतं म्हणा. मी काही बोलणार नाही."

"बघतो," मिस्त्री म्हणाला. एरवी तो "दम धर" म्हणाला असता. मिस्त्रिणीला जरा आशा वाटली.

कोर्टात गर्दी होती. रोलरवाला पुढच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. मागे गिऱ्हाइकं, नवी आणि जुनी. मुख्याध्यापक होते. डॉक्टरीणबाईसुद्धा होती. न्यायाधीशबाई मध्यमवयाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर त्याच्यावरून.

सरकारी वकील सडपातळ आणि अतिशय नम्र. त्यांनी आधी दुकानातले साक्षीदार उभे केले आणि मिस्त्रीची धमकी तीन वेगवेगळ्या आवाजांत ऐकवली. मग चष्मेवाले झाले, हवालदार झाला. मग सरकारी वकील म्हणाले, "गुन्ह्याचं शेवटचं पाऊल पडेपर्यंत कायद्याने हात बांधून बसावं का? बाण सुटायची वाट बघायची नसते. धनुष्य ताणलं की पुरे."

मिस्त्रीचा वकील उठला. "धनुष्य ताणलेलं नव्हतं. पिशवीत होतं. आणि धनुर्धारी चहा पीत होता."

लोक हसले. वकिलाने तिथेच थांबायला हवं होतं, पण आरोपीच्या साध्या बोलण्यावर विश्वास बसेल असं त्याला वाटलं. त्याने मिस्त्रीला पिंजऱ्यात उभं केलं. दोन सरळ प्रश्न विचारले, सरळ उत्तरं मिळाली. मग सरकारी वकील सावकाश पुढे आले.

"मिस्त्री, तुमच्या कामाची मला फार माहिती नाही. भिंत भिजवली, की काम सुरू झालं, की नाही?"

मिस्त्रीने समोर बघितलं. मिस्त्रीण डोळे वटारून बसलेली. मागे गिऱ्हाइकांच्या माना पुढे झालेल्या; "नाही" म्हटलं की यातला प्रत्येक जण उद्या उंबऱ्यावर बसलेल्या मिस्त्रीला तेच ऐकवणार. रोलरवाल्याच्या ओठांवर आधीच हसू. आणि "हो" म्हटलं, तर दंतवैद्याची किल्लीही जाणार.

"भिंतीवर अवलंबून आहे," मिस्त्री म्हणाला.

"याच भिंतीचं विचारतोय."

खोटं बोलायला त्याची हरकत नव्हती. पण ते भिंतीबद्दल बोलायचं, एवढंच जड होतं.

"झालं होतं," तो म्हणाला. "काम सुरू झालं होतं."

त्याच्या वकिलाने डोळे मिटले. मिस्त्रिणीने पदराने तोंड झाकलं. सरकारी वकील नम्रपणे म्हणाले, "आभारी आहे," आणि बसायला वळले.

आणि मागून आरोळी आली. "साफ खोटं!"

चष्मेवाले उभे राहिले होते. "साहेब, हा माणूस शपथेवर खोटं बोलतोय! पाणी मारणं म्हणजे कसलं काम? काहीही सुरू झालेलं नव्हतं!"

सरकारी वकिलांनी त्यांना खाली बसायची खूण केली. चष्मेवाल्यांनी ती पाहिली नाही. लांबचं त्यांना कमीच दिसे. न्यायाधीशबाईंनी मात्र सगळं पाहिलं. त्या म्हणाल्या, "फिर्यादींनी पुन्हा पिंजऱ्यात यावं."

चष्मेवाले तरातरा आले.

"तुम्ही घरी आलात, तेव्हा आरोपी काय करत होता?"

"बसला होता, साहेब. हा नेहमी बसतो! माझं दुकान रंगवताना असाच बसायचा. भिजवायचं आणि बसायचं. त्यालाच काम म्हणायचं. जगात कुणी म्हणतं का?"

"तुमच्या मते तो खरवडायला कधी उठला असता?"

"उठला असता?" चष्मेवाले हसले. "साहेब, तुम्ही याला ओळखत नाही. हा संध्याकाळपर्यंत उठला नसता! चहा संपला असता, दुसरा मागितला असता, दोनदा भिंतीला हात लावून बघितला असता, आणि 'अजून दम धरायला हवा' म्हणून घरी गेला असता!"

मिस्त्रीला हे सहन होईना. "दुपारपर्यंत उठलो असतो!" तो आपल्या जागेवरून ओरडला. "उलट ऊन चढलं म्हणून जरा आधीच उठलो असतो!"

"आरोपीने गप्प बसावं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "स्वतःच्या भल्यासाठी."

"नसता उठला!"

"उठलो असतो!"

"नसता!"

दोन्ही वकील एकमेकांकडे बघत राहिले. आपापला पक्षकार दुसऱ्याला देऊन टाकायची सोय कायद्यात असती, तर त्यांनी तिथल्या तिथे अदलाबदल केली असती.

निकाल दुपारनंतर लागला. न्यायाधीशबाईंनी तो शांतपणे वाचला.

"आरोपीच्या मनात काय होतं, याची या न्यायालयाला शंका नाही. त्याने ते दुकानात सांगितलं, पोलिसांना सांगितलं, आणि आज मी गप्प बसायला सांगूनही मला सांगितलं. परंतु मनात असणं म्हणजे करणं नव्हे. नदीकाठी कपडे काढून ठेवणारा माणूस पोहण्याच्या तयारीत असतो. पण गार पाणी बघून कित्येक जण पुन्हा कपडे घालतात. त्याने पाण्यात उडी टाकायला पाय उचलला, तर गोष्ट वेगळी. इथे पत्ती पिशवीत होती. चहा हातात होता. भिजलेली भिंत वाळली असती, तर तिचं काही बिघडलं नसतं. आरोपीच्या रीतीप्रमाणे अजून बराच वेळ थांबायचं होतं, आणि थांबलेल्या माणसाला उठून घरी जाण्याची वाट मोकळी असते. खुद्द फिर्यादीचंच म्हणणं आहे, की तो बहुधा घरीच गेला असता."

चष्मेवाल्यांनी मान डोलावली. मग आपण कशाला डोलावली ते त्यांच्या ध्यानात आलं.

"रंगारी कशाला काम म्हणतात, यावर गुन्हा ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने, भिंत भिजवणे ही तयारी होय, काम नव्हे. पत्ती भिंतीला टेकली असती, तर एक पापुद्रा निघाला नसता तरी मी शिक्षा दिली असती. आरोपीने हे लक्षात ठेवावं. आरोपी निर्दोष."

मिस्त्रिणीने वकिलाचे हात धरले. धाकटी बहिणीच्या गळ्यात पडली. मिस्त्री मात्र जागच्या जागी उभा. एकच वाक्य त्याच्या कानात घुमत होतं. त्याने मागे बघितलं. रोलरवाला पोट धरून हसत होता. आणि चष्मेवाले, जे खटला हरले होते, ते लग्नघरच्या यजमानासारखे सगळ्यांचे हात हातात घेत होते.

किल्ल्या परत आल्या. तशाच घसा खाकरत. "पाहुणे गेले, मिस्त्री." फळी भरली. पण घरात बोलावणाऱ्यांच्या तोंडात आता नवीन वाक्य होतं. मिस्त्री उंबऱ्यावर बसला, की आतून आवाज येई, "बसा, बसा. कोर्टानेच सांगितलंय, हे काम नव्हे." शाळेचे मुख्याध्यापक तर मुद्दाम रस्ता ओलांडून येत आणि ऐकवत. मिस्त्री दातओठ खाई आणि भिजवत राही. थांबायचं तेवढाच थांबे, क्षणभरही कमी नाही.

पुढे त्याला जवळचं दिसेनासं झालं. लांबीतली बारीक भेग बोटाला कळे, डोळ्याला नाही. बोटावर त्याने बरेच दिवस निभावलं. शेवटी मिस्त्रिणीने त्याला हाताला धरून चष्म्याच्या दुकानात नेलं आणि बाहेर उभी राहिली, पळून जाऊ नये म्हणून.

चष्मेवाल्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर जड चौकट चढवली आणि हातात वाचायचा तक्ता दिला. निकालापासून सगळ्यांना दुकानात हाच तक्ता मिळत असे. वरच्या ओळीत मोठी अक्षरं, खाली खाली बारीक होत जाणारी. आणि प्रत्येक ओळीत तेच वाक्य : भिंत भिजवणे ही तयारी होय, काम नव्हे.

"वाच," साडू म्हणाला.

मिस्त्रीने तक्ता लांब धरला, जवळ धरला. "दिसत नाही."

चष्मेवाल्यांनी भिंग बदललं. "आता?"

"नाही."

आणखी जाड भिंग. "आता?"

"धूर दिसतो."

"वरची ओळ तर आंधळ्यालाही दिसेल, साडू!"

"मग आंधळ्याला बोलाव."

दोघे बराच वेळ असे बसले. एक भिंगं बदलतोय, दुसरा मान हलवतोय. शेवटी चष्मेवाल्यांनी सुस्कारा टाकला, खण उघडला, आणि तक्त्यावर, बरोबर त्या मोठ्या ओळीवर, एक किल्ली ठेवली.

"हे दिसतं?"

मिस्त्रीने पाहिलं. समोरच्या घराची किल्ली.

"निम्मी भिंत गळून रस्त्यावर आलीय," चष्मेवाले दुसरीकडे बघत म्हणाले. "तुझी मेव्हणी बोलत नाही माझ्याशी. खरवडून टाक एकदाची."

मिस्त्रीने किल्ली उचलली आणि खिशात टाकली. चौकट काढून परत दिली. पहिलंच भिंग बरोबर होतं, असं म्हणाला.

"कधी सुरू करतोस?"

"उद्या भिजवतो."

"म्हणजे उद्या तयारी," चष्मेवाले म्हणाले. "काम परवापासून धरू."

मिस्त्री दारापर्यंत गेला, वळला. बाहेर मिस्त्रीण उभी होती.

"दम धर," तो म्हणाला.